बिऱ्हाड, डबा आणि दादर

शाळेत इतिहास हा विषय मला कधी जमला नाही. पानिपतची तिसरी लढाई आधी झाली की आमच्या परळच्या मामांचे लग्न, हे मी एका दमात सांगू शकत नसे. कारण दोन्हींची वर्णने आमच्या घरात सारख्याच त्वेषाने होत. तोच मी सत्तरी गाठल्यावर इतिहास लिहायला बसलो आहे, आणि तोही एका खोलीचा. खोली एकशे साठ चौरस फुटांची. नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली, पहिल्या मजल्यावरची, जिन्यापासून तिसरी. गडकिल्ल्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना निदान पडका बुरूज तरी मिळतो. माझी मुळात चाळच राहिलेली नाही. पाडली. मी पाहायला गेलो तेव्हा आमच्या खोलीच्या जागी हवा होती, आणि तीही म्हाडाच्या ताब्यात.

बी.डी.डी. म्हणजे काय, हे चाळीत फार थोड्यांना ठाऊक होते. 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' असे आमचे वडील सांगत, कारण ते मॅट्रिक होते. आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती, म्हणून तिचा अर्थ जास्त बरोबर होता. ती म्हणे, "बिऱ्हाड, डबा नि दादर."

बिऱ्हाडाचे स्पष्टीकरण नको. डबा मात्र तीन होते. एक आजोबा गिरणीत न्यायचे तो. दुसरा पहाटे प्रत्येकाने हातात धरून सामायिक संडासाच्या रांगेत उभे राहायचा तो. आणि तिसरा लोकलचा. तिन्ही ठिकाणी गर्दी असे, तिन्ही ठिकाणी नंबर लावून ठेवणाऱ्याला मान असे, आणि दुसऱ्या ठिकाणी तर वयाचा किंवा नात्याचा कसलाही मुलाहिजा ठेवला जात नसे. राहता राहिले दादर. आमच्या कोकणात दादर म्हणजे माडीवर जायचा लाकडी जिना. आजीला स्टेशनच्या नावाचे कधी नवल वाटले नाही. "जिनाच तो," ती म्हणे, "चढलं की कुठंही जाता येतं."

आजोबांना मात्र सबंध जगात एकच आकडा पाठ होता : बारा. खोलीच्या उंबऱ्यापासून दादर स्टेशनच्या पायरीपर्यंत बारा मिनिटे. नवीन माणसाची ओळख झाली की नाव, गाव आणि मग लगेच, "आमची खोली दादरपासून बारा मिनिटांवर." हे ते अशा थाटात सांगत की रेल्वे त्यांच्या सोयीसाठी तिथून नेलेली असावी. खरे सांगायचे तर पंधरा लागत. आजोबा धोतराचा सोगा हातात धरून जवळजवळ धावत.

आता थोडे खऱ्या इतिहासाचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकार हादरले, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाटीवाटीची जुनी वस्ती पाडून रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. पण गिरण्यांचे भोंगे जेवढी माणसे बोलावत होते, तेवढ्या खोल्या कुठून आणायच्या? १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतली सुमारे दोन-तृतीयांश माणसे एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहताना सापडली. ही एक खोली एका कुटुंबाची असे असेही समजू नका. आमचे आजोबा राजापूरकडून बोटीने आले तेव्हा लालबागच्या एका गाळ्यात चौदा जणांत राहिले. चौदाही जण एकदम कधी झोपले नाहीत, कारण सात दिवसपाळीला होते आणि सात रातपाळीला. वळकट्यासुद्धा सातच होत्या. आजोबा म्हणत, "अंथरूण कधी थंड झालं नाही." तक्रार म्हणून नव्हे, थंडीच्या दिवसांत ती सोय मानली जात असे.

तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. यांना मोठ्या गोष्टींची आवड. एकीकडे बॅक बेचा समुद्र हटवायचा, दुसरीकडे कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत त्यांनी केला. १९२० साली त्यासाठी वेगळे खाते काढले, कर्ज उभारले, मुंबईत येणाऱ्या कापसावर कर बसवला. खात्याचे डायरेक्टर नेमले सर लॉलेस हेपर. नावाचा अर्थ 'कायदा नसलेला', पण या गृहस्थांच्या खात्याने बांधलेल्या चाळींइतकी सरळ रेषेत आखलेली गोष्ट मुंबईत दुसरी नसेल. तळमजला आणि वर तीन मजले, मधून काळोखा बोळ, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, एका चाळीत ऐंशी. एक चाळ पाहिली की सगळ्या पाहिल्या. आमचे एक शेजारी शिमग्याच्या रात्री थोडी घेऊन आले की हमखास शेजारच्या चाळीतल्या तेवढ्याच नंबरच्या खोलीत जाऊन जेवायला बसत. आणि खरे म्हणजे वाढलेही जाई.

हे हेपरसाहेब त्याआधी जी.आय.पी. रेल्वेचे एजंट, म्हणजे त्या रेल्वेचे मुख्य कारभारी होते, हे मला अलीकडेच वाचताना कळले, आणि आजोबा हयात नसल्याची हळहळ वाटली. रेल्वेच्या माणसाने चाळ बांधली म्हणजे ती स्टेशनपासून बारा मिनिटांवर असणारच, असे त्यांनी गावभर सांगितले असते.

खोल्या मात्र पन्नास हजार झाल्या नाहीत. सोळा हजारांच्या घरात गेल्यावर खात्याचा दम संपला. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२, एकूण २०७. बॅक बेच्या समुद्राने तर सगळाच पैसा गिळला. त्यावर नरिमन यांनी झोड उठवली, तेव्हा हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले आणि लोकांनी त्या समुद्राच्या योजनेला 'लॉइडसाहेबांचा मूर्खपणा' असे नाव ठेवले. लॉइडसाहेब तोवर मुंबई सोडून गेले होते. १९२५ साली त्यांना इजिप्तला हाय कमिशनर म्हणून पाठवले. तिथले मोठे बांधकाम आधीच पुरे झालेले होते.

आणि गंमत पुढेच आहे. सोळा हजार खोल्या बांधल्या आणि त्यांत राहायला माणसेच येईनात! ज्या शहरात वळकटी थंड होत नव्हती तिथे सरकारी खोल्यांना कुलपे लटकत होती. वरळीच्या कितीतरी चाळी ओस पडल्या. याची कारणे अहवालांत दिली आहेत, पण मला ती आजीकडून आधीच कळली होती. सिमेंट काँक्रीटच्या भिंतींना खिळा ठोकता येत नाही, देव कुठे टांगायचा? खिडकीच्या जागी सिमेंटच्या पट्ट्या. त्यांतून पाऊस आत येतो, उजेड बाहेर राहतो. खोलीत मोरी नाही. आणि भाडे जुन्या गाळ्यापेक्षा जास्त. आजोबा पहिल्यांदा बघायला गेले ते परत येऊन म्हणाले, "तुरुंग आहे." त्यांचे काही फार चुकले नव्हते. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रही ठेवायला सरकारला तुरुंग कमी पडले, तेव्हा वरळीच्या याच चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. सरकारच्या कोणत्याही बांधकामाला एवढा चपखल उपयोग क्वचितच सापडतो.

मग आजोबांनी खोली घेतली का? कारण आजी गावाहून आली होती, तिला चौदा जणांत ठेवता येत नव्हते, आणि नायगावची चाळ वरळीसारखी आडबाजूला नव्हती. मोठ्या रस्त्यावर, म्हणजे आजच्या डॉ. आंबेडकर रस्त्यावर आले की ट्राम. गिरणी चालत. दादर त्या सुप्रसिद्ध बारा मिनिटांवर. आणि ही नुसती आजोबांची हौस नव्हती. चाळी उभ्या राहिल्या त्याच सुमारास, ३ फेब्रुवारी १९२५ ला, बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बरची पहिली विजेची गाडी धावली. १५ जुलै १९२६ ला शहरात पहिली मोटारबस सुटली. १९२८ साली पश्चिमेच्या रेल्वेवरही विजेची लोकल आली. खोल्या बांधणारे खाते एक, ट्राम आणि बस चालवणारी कंपनी दुसरी, रेल्वे आणखी दोन. आणि यांतल्या कोणी कोणाला विचारून काही केले असेल असे मला मुळीच वाटत नाही. पण त्या सर्वांच्या न ठरलेल्या संगनमतातून ज्या खोलीला खिळा ठोकता येत नव्हता, तिथे पुढे पागडी देऊनही शिरकाव मिळेनासा झाला.

एकशे साठ चौरस फुटांत आम्ही नऊ जण राहत होतो. कसे, असे हल्लीची मुले विचारतात. मी सांगतो, आम्ही तिथे राहत नव्हतो, तिथे नुसते जेवत होतो. झोपायला बोळ होता, गच्ची होती. अभ्यासाला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तिथे पंखा असे आणि शारदा टॉकीज शेजारीच असल्यामुळे अभ्यासावरून लक्ष उडाले तर फार लांब उडावे लागत नसे. फिरायला हिंदू कॉलनीतले रस्ते, जिथे झाडे लावलेली होती. शिवाजी पार्कला जायचे तर पूल ओलांडून. घर म्हणजे चार भिंती हे आम्हाला कोणी शिकवलेच नाही. आमच्या घराचा दिवाणखाना एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत होता, आणि केर काढायची जबाबदारी म्युनिसिपालिटीची.

इथे एक गोष्ट न सांगणे खोटेपणाचे होईल. सरकारने चाळींना आकडे दिले, पण कोणत्या आकड्याच्या चाळीत कोणी राहायचे हे बहुधा जातीने ठरवले. बौद्ध वस्तीच्या चाळी निराळ्या, आमच्या कोकण्या मराठ्यांच्या निराळ्या. नळ एकाच कंपनीचे, संडास सारखेच, खोल्या इंचाइंचाने सारख्या, तरी मधली वीस पावले ओलांडायला आमच्या आजीला पन्नास वर्षे लागली. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत दंगल पेटली तेव्हा तिची झळ आमच्याकडेही आली, आणि बोळात झोपणारी आम्ही मुले कित्येक रात्री दार लावून खोलीत झोपलो. नऊ जण एका खोलीत कसे राहतात, हे मला तेव्हा प्रथम कळले. परळला पोयबावडीजवळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ आहे. तिथल्या दोन खोल्यांत डॉ. आंबेडकर १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले, आणि दामोदर हॉलमधली त्यांची कचेरीही परळातच. हे आमच्या मास्तरांनी आम्हाला कधी सांगितले नाही. आमच्या घरापासून ती चाळ दादरइतकी लांबही नसेल. बारा मिनिटांची मोजदाद करणाऱ्या आमच्या घराने त्या दिशेला पावले मोजली नाहीत, एवढेच.

असो. दादरपासून बारा मिनिटांवर राहण्याचा एक दंड असतो. त्याला पाहुणे म्हणतात.

गावाहून एस.टी.ने येणारा माणूस पहाटे परळला उतरे. उतरल्यावर त्याने कुठे जावे? आमच्याकडे. परत जायची एस.टी. रात्रीची. दिवसभर त्याने कुठे बसावे? आमच्याकडे. कल्याणच्या नातेवाइकाला बोरिवलीच्या नातेवाइकाला लग्नाची पत्रिका द्यायची आहे, मध्ये दादर. मग दोघेही आमच्याकडे येत, पत्रिका देत, जेवत, आणि जाताना "तुमची जागा फार मोक्याची बुवा" असे म्हणून आमच्यावरच उपकार केल्यासारखे निघून जात. त्यातही सर्वांत मानाचा पाहुणा म्हणजे 'केईएमला दाखवायला आलेला'. केईएम इस्पितळ १९२६ चे, वाडियांचे बायकांचे इस्पितळ त्याच सालचे, मुलांचे १९२९ चे, टाटा कॅन्सर १९४१ चे; सगळी आमच्या अंगणात. राजापूर तालुक्यातल्या निम्म्या दुखण्यांचा मुक्काम आमच्या खोलीत झालेला आहे. क्ष-किरणांच्या फिल्मा खिडकीच्या दांडीला चिमट्यांनी लावून ठेवत, म्हणजे डॉक्टरकडे नेताना विसरायला नको. माझी धाकटी बहीण त्यांच्यातून उजेड बघत बघत वाढली. चित्रांच्या पुस्तकाच्या आधी तिला बरगड्या मोजता येत होत्या. पुढे ती नर्स झाली, यात कोणालाच नवल वाटले नाही.

एक काका हर्नियासाठी 'दोन दिवसांकरिता' आले ते चार महिने राहिले. ऑपरेशन तिसऱ्या आठवड्यातच झाले होते. पण तोवर ते भजनी मंडळात टाळ धरू लागले होते, संडासाच्या रांगेत त्यांचा नंबर ठरून गेला होता, आणि चाळ कमिटीच्या निवडणुकीत त्यांचे नाव सुचवले जाईपर्यंत मजल गेली होती. वडिलांनी मोठ्या मुत्सद्देगिरीने त्यांना कोकणच्या गाडीत बसवले. पुढल्या वर्षी ते काकूंचे मोतीबिंदू घेऊन आले.

दादरचा आणखी एक घोळ असा, की तिथे रेल्वे दोन, आणि दोघींनाही आपापला एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता. "एक नंबरवर भेटू" असे ठरवून न भेटलेली माणसे किती असतील याची गणती नाही. माझ्या थोरल्या बहिणीला दाखवायला न्यायचे होते तेव्हा मुलाकडची मंडळी पश्चिमेच्या एक नंबरवर अडीच तास उभी होती आणि आम्ही मध्यच्या. दोन्ही घराण्यांनी एकमेकांना बेजबाबदार ठरवले. आठ दिवसांनी खरा प्रकार कळला तेव्हा दोघांचाही राग इतका जुना झाला होता की लग्न जमूनच गेले. २०२३ च्या डिसेंबरात रेल्वेने मध्यच्या प्लॅटफॉर्मना आठपासून पुढचे आकडे दिले आणि हा घोळ मिटवला. मेहुण्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितले, "पन्नास वर्षं उशीर केला रे यांनी. मी वाचलो असतो." बहीण शेजारीच होती. फोन एकदम बंद झाला.

ट्रामचे मला फारसे आठवत नाही. आठवते ती शेवटची. ३१ मार्च १९६४. वडिलांनी मला खांद्यावर घेतले होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. बोरीबंदरहून दादरला येणारी ती ट्राम इतकी हळू येत होती, की जाण्याचे तिच्याच जिवावर आले असावे. ट्राम कुठे दिसते हे मला कळेना, कारण ट्रामच्या जागी नुसती माणसे सरकत होती. आजोबा आले नाहीत. "मयताला जातात तसे काय जाता?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र ते सवयीने स्टॉपवर जाऊन उभे राहिले, आणि बराच वेळ उभे होते असे दुकानदाराने सांगितले. ट्राम गेली, पण तिचे टर्मिनस राहिले. बसचा कंडक्टर अजून 'टीटी' म्हणतो, आणि माझा नातू समजतो की तिथे तिकीट तपासनीस राहतात. २०१९ साली नायगावात मोनोरेलही आली. ती आमच्या अक्षरशः डोक्यावरून गेली. बसणारी माणसे कमी आणि खालून बघणारी जास्त. २०२५ च्या सप्टेंबरात ती सुधारणेसाठी थांबवली, तेव्हा तिच्या स्टॉपवर सवयीने जाऊन उभे राहणारा कोणी निघाला असेल असे वाटत नाही.

आणि मग १९८२. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कधी संपला हे मला इतिहासात लिहिता यायचे नाही, कारण आमच्या वडिलांपुरता तो संपला नाही. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. खाणारी नऊ तोंडे आणि फोर्टातल्या एका कचेरीत कारकून असलेल्या माझा पगार, एवढाच ऐवज. बोळातल्या कितीतरी जणांनी भांडी गावी पाठवली, मागोमाग माणसे पाठवली. आमच्या आईने कोणाला काही विचारले नाही. एक दिवस पहाटे चारला उठली, डब्याची रांग लागायच्या आत बाहेर पडली, पूल ओलांडून पश्चिमेच्या फुलबाजारात गेली आणि टोपलीभर मोगरा घेऊन आली. सकाळी बोळात बसून आजी, बहिणी आणि समोरच्या दोघी गजरे करीत. संध्याकाळी कचेऱ्या सुटायच्या वेळेला आई दादर स्टेशनच्या पायरीशी उभी. जायला भाडे नाही, यायला भाडे नाही, फुले सुकायच्या आत विकली जात. दोन वर्षे आमचे घर त्या मोगऱ्यावर चालले. मी संध्याकाळच्या गाडीने उतरे तेव्हा पायरीवर आई दिसे. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या पुलाने गेलो. हे तिला कळले होते, असे तिने मला तीस वर्षांनी सांगितले. वडील रोज तिला आणायला जात, टोपली स्वतः उचलत, आणि घरी येताना काहीच न बोलता चालत. त्यांना ते अंतर किती मिनिटांचे वाटत असेल, हे मी त्यांना विचारले नाही.

तेव्हाच शेजारच्या एकाने खोली दुसऱ्याच्या नावावर करून बदलापूरच्या बाजूला ब्लॉक घेतला. हॉल, स्वैपाकघर, आत मोरी, आत संडास. आम्ही सगळे वास्तूला गेलो आणि तोंडात बोटे घातली. वर्षाने तो भेटला तेव्हा म्हणाला, "घर मोठं आहे रे, पण मी त्यात नसतो." सकाळी सहाला निघून रात्री दहाला पोचणारा माणूस, त्याचे घर त्याची बायको वापरत होती. रविवारी तो आमच्या बोळात येऊन पत्ते खेळत बसे.

आता आमची पाळी आली आहे. चाळींच्या पुनर्विकासाचे पहिले भूमिपूजन २०१७ साली झाले, मग दुसरे झाले, आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ फुटांच्या जागी पाचशे, तेही फुकट. टीव्हीवर एक बाई किल्ली हातात घेऊन रडत होती. आमची आई म्हणाली, "आनंदानं रडते की कुलूप लावायची सवय नाही म्हणून?" आमच्या नायगावातही मनोरे वर चढत आहेत. तोवर आम्ही भाड्याच्या घरात आहोत, कल्याणच्या पलीकडे. आईला नव्वदाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतंत्र खोली मिळाली. पहिल्या रात्री ती तीनदा उठून आमच्या खोलीशी आली. "कोणी घोरत कसं नाही?" म्हणाली. मी घोरत होतो, असे बायकोचे म्हणणे. पण मधे दोन दारे होती.

बसचा स्टॉप आहे. बसही आहे, असे स्टॉपवरच्या पाटीवर लिहिले आहे.

या घरात येऊन आम्हाला आता अकरा महिने झाले. अकरा महिन्यांत एकही पाहुणा आला नाही. कोणी दाखवायला नाही, कोणाची पत्रिका नाही, गावी जाताना संध्याकाळ काढायला कोणी नाही. आम्ही सगळे सुखावलो आहोत असे मी समजत होतो. मग एका सकाळी आईने विचारले, "आपलं कोणाशी काही वाकडं आलंय का?" मी म्हटले, "नाही गं, लांब पडतं सगळ्यांना." तिला ते पटले नाही. लांब हे कारण तिने आयुष्यात ऐकलेले नव्हते. तेव्हापासून तिने एकच विचारणा लावली आहे. नव्या घरात आपला मजला कितवा, त्याची चिठ्ठी निघेल तेव्हा निघेल. पण खाली वॉचमन असेल का, आणि गावाकडून पहाटे पाचला कोणी आला तर तो त्याला वर सोडील का? मी म्हटले, वहीत नाव लिहून सोडतील. "आणि लिहिता येत नसलं तर?" याचे उत्तर म्हाडाच्या एकाही पत्रकात नाही. मी सगळी वाचली आहेत.

गेल्या महिन्यात कागदपत्रांच्या कामासाठी मी नायगावला गेलो होतो. काम झाले नाही, ते होण्यासारखे नव्हतेच. पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. आत क्रेन फिरत होती. आमचा जिना साधारण कुठे असेल याचा अंदाज घेतला, घड्याळात पाहिले आणि चालू लागलो. मोठा रस्ता ओलांडताना सिग्नलला थांबलो, ते धरले नाही. फेरीवाल्यांतून वाट काढली, तेही धरले नाही. दादरच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा धाप लागली होती. तेवढ्यात आईचा फोन.

"किती लागली?"

"तेवीस."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे भाड्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"तुझे आजोबा बारा म्हणायचे," ती म्हणाली. "पण ते खोटं सांगायचे. मी टोपली घेऊन सतरात जायची. तू परत जा, नि नीट चालून ये."

मी घड्याळात पाहिले. पाच चाळीसची कल्याण सोडली आणि परत फिरलो.